इंग्रजी न येण्याची नोकरी

मला इंग्रजी येत नाही. तरी आमच्या भागातल्या दोन-तीन शाळांचे इंग्रजीचे पेपर कितीतरी वर्षं माझ्या हातांनी तयार झाले, आणि मला इंग्रजी येत नव्हतं म्हणूनच झाले. येत असतं तर मला कोणी त्या पेपरांजवळ फिरकू दिलं नसतं. मी चौथी पास आहे. शिक्षण कमी म्हणून लोकांची कामं जातात. माझं त्याच कारणानं टिकलं. याचा गर्व करावा की लाज वाटून घ्यावी, ते मी अजून ठरवलेलं नाही.

डोणगावात बाजाराच्या रस्त्याला नानाजींचा छापखाना होता. लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं, भीमजयंतीची आणि सप्त्याची हँडबिलं, दुकानदारांची कार्डं, आणि वर्षातून दोनदा शाळांचे पेपर. मी आधी पत्रिका दुमडायला आणि पाकिटं चिकटवायला लागले, मग खिळे सोडवायला, मग जुळवायला. मधली वर्षं सांगण्यासारखी नाहीत. हात काळे होत, ते रात्री धुवायचे आणि सकाळी पुन्हा काळे करायचे.

खिळे म्हणजे काय ते सांगायला हवं, कारण आता छापखाना म्हटलं की पोरांच्या डोळ्यांपुढे कॉम्प्युटर येतो. खिळा म्हणजे शिशाची बोटाच्या पेराएवढी कांडी, तिच्या टोकावर एक उलटं अक्षर. लाकडी पेटीत प्रत्येक अक्षराचा वेगळा खण. डाव्या हातात स्टिक नावाची लोखंडी पट्टी धरायची आणि उजव्या हातानं एकेक खिळा उचलून तिच्यात उभा करायचा. ओळी जमवत पान झालं की दोऱ्यानं आवळायचं आणि मशीनवर द्यायचं. छापून झाल्यावर शाई पुसून प्रत्येक खिळा परत आपल्या खणात टाकायचा, याला सोडवणं म्हणत. जुळवताना चूक झाली तर एक शब्द बिघडतो. सोडवताना झाली तर पुढचे पंधरा दिवस बिघडतात.

या कामाला भाषा येण्याची गरज नसते. इंग्रजीची सव्वीस अक्षरं मी तोंडानं नाही, बोटांनी शिकले; नावं तेवढी पेटीवर काम करता करता पाठ झाली. समोर लिहिलेला कागद ठेवायचा, त्यावर जे चित्र दिसतं ते खणातून उचलायचं. त्या चित्राचा अर्थ काय हे ना मला माहीत, ना माझ्या बोटांना.

माझ्या आधी पेपर जुळवणारा कंपोझिटर दहावीला इंग्रजीत तीनदा नापास झालेला होता. तीनदा तेच पुस्तक वाचल्यामुळे त्याला इंग्रजी बरंच येत होतं. त्यानं जुळवता जुळवता निबंधाचा विषय वाचला आणि आपल्या मेहुण्याला सांगितला. मेहुणा पास झाला, कंपोझिटर घरी गेला. दुसऱ्या दिवशी नानाजींनी माझी मुलाखत घेतली.

"पंचफुला, इंग्रजी येते का तुले?"

"नाही."

"थोडंसंक?"

"नाही म्हटलं ना."

"मंग बस या स्टुलावर."

बसले. पण नानाजींनी त्याच वेळी बजावलं, पेपर पुन्हा फुटला तर शाळांचं काम जाईल, आणि शाळांचं काम गेलं तर पहिलं स्टूल माझं जाईल. माझा नवरा कामापेक्षा झाडाखाली जास्त रमायचा. घरात चार खाणारी तोंडं होती आणि कमावणारी एक मी. स्टूल जाऊन चालणार नव्हतं.

आता मुद्द्याची वस्तू. इंग्रजी शब्दाच्या मधे, डोक्याजवळ एक स्वल्पविराम लटकलेला असतो. शाळेत त्याला अपॉस्ट्रॉफी म्हणतात. एवढं लांब नाव घ्यायला आम्हाला सवड नव्हती, आम्ही त्याला वरचा कॉमा म्हणायचो.

लोकांना तो दागिना वाटायचा. एका कृषी केंद्रवाल्यानं अकोल्याच्या कुणाचं तरी कार्ड आणून मला दाखवलं.

"बाई, हे वरतं लटकेल हाय ना, तसं माह्या नावाले टाका."

"तुमच्या नावात ते बसत नाही."

"काऊन नाही बसत? एवढुसं तं हाय! चांगले दोन टाका, दोन्हीकून एकेक."

नानाजींनी मला डोळ्यानं खुणावलं आणि मी दोन टाकले. महिन्याभरात हार्डवेअरवाला आला, सायकलवाला आला, सगळ्यांना नावाला कॉमे पाहिजे होते. सायकलवाल्यानं तर चार मागितले, कारण त्याची शाखा दोन गावांत होती.

कॉम्याचा खरा धंदा काय असतो हे मला तायडे मास्तरांच्या पुस्तिकेमुळे कळलं. तायडे मास्तर म्हणजे गावात इंग्रजीची खाजगी शिकवणी घेणारे. उंच, किडकिडीत, आणि दुसऱ्याच्या वर्तमानपत्रावर फार प्रेम. त्यांनी व्याकरणाची एक पुस्तिका आमच्याकडे छापायला दिली. तिच्यात तीन पानं नुसती जोड्यांची होती. डावीकडे शब्द पूर्ण, उजवीकडे तोच आखडलेला. डू नॉट, डोन्ट. आय ॲम, आयम. इट इज, इट्स. मास्तर माझ्या शेजारी उभे राहून समजावत. मी विचारलेलं नसायचं, तरी समजावत.

"हे पाहा पंचफुलाबाई, बोलताना माणूस घाईत असतो. दोन शब्द एकमेकांत घुसवतो. मधलं जे अक्षर गळतं, त्याच्या जागेवर हा कॉमा ठेवायचा. इथं कोणीतरी होतं, याची खूण."

हे मला पटलं. एक खिळा काढायचा, त्याच्या जागी दुसरा बारीक खिळा उभा करायचा. पण मास्तरांचा नियम सगळीकडे चालेना. शॅल नॉटचं शान्ट करताना तीन खिळे निघाले आणि कॉमा मिळाला एक. मी म्हटलं, मास्तर, दोन कॉमे कमी पडतात. ते म्हणाले, नाही, एकच. विल नॉटचं तर वोन्ट झालं. विलमधे नसलेला ओ पुढे कुठून आला, विचारलं, तर म्हणाले, ती पद्धत आहे. आय हॅडचं जे झालं तेच आय वुडचंही झालं. मी म्हटलं, चुकलंय. मास्तर म्हणाले, बरोबर आहे. अर्थ न कळणाऱ्या बाईला जे खटकतं ते अर्थ कळणाऱ्या माणसाला खटकत नाही, हे मी तेव्हा पाहून घेतलं.

तीन पानं मी जुळवली, प्रूफं दुरुस्त केली, पुन्हा जुळवली. त्या जोड्या माझ्या हातात बसल्या; कोणती कशी म्हणायची आणि तिचा अर्थ काय, ते कानातून तेव्हाच निघून गेलं. पुस्तिकेच्या मुखपृष्ठावर नानाजींनी मास्तरांचं नाव मास्तरांना हवं तेवढं मोठं छापलं नाही म्हणून भांडण झालं आणि मास्तर रुसून समोरच्या छापखान्यात जाऊन बसायला लागले. तो छापखाना दिगंबरशेठचा. तिथलं वर्तमानपत्रही आमच्यापेक्षा लवकर यायचं.

मग गावातल्या शाळेत नवीन मॅडम आल्या. वयानं लहान, बोलायला गोड, आणि इंग्रजीचं वेड. पोरांनी पुस्तकातलं नाही, बोलण्यातलं इंग्रजी शिकावं असं त्यांचं म्हणणं. आठवीच्या वार्षिक परीक्षेचा पेपर त्यांनी काढला. त्यात एक अख्खं पान दोन मैत्रिणींच्या गप्पांचं होतं, आणि त्या मैत्रिणी एकही शब्द पूर्ण बोलत नव्हत्या. सगळं आखडलेलं. पोरांनी ते मोकळं करून लिहायचं. त्याला मार्कही सगळ्यांत जास्त.

मी कागदावरचे कॉमे मोजले. एका पानात एकेचाळीस. खणातले मोजले. एकोणीस.

खिळे फाउंड्रीतून, म्हणजे ते ओतणाऱ्या कारखान्यातून, वजनावर यायचे. कोणतं अक्षर किती टाकायचं ते फाउंड्रीवाला ठरवायचा. ई भरपूर, ए भरपूर, वरचे कॉमे चिमूटभर. त्यातले काही दुकानदारांच्या नावांवर झिजले होते. काही नानाजींनीच घालवले होते, कारण ओळ ढिली पडली की ते समोर सापडेल तो बारीक खिळा तिच्यात खुपसत. एरवी कमी पडलं तर आम्ही एक पान छापून, सोडवून, त्याच खिळ्यांत दुसरं जुळवायचो. पण इथं एकेचाळीसच्या एकेचाळीस एकाच पानावर बसलेले होते.

त्या काळी छापखाने एकमेकांकडून खिळे उसने आणत. धंद्यात वैर असलं तरी खिळ्याला नाही म्हणायचं नाही, अशी रीत होती. आज त्यांचा के संपला, उद्या आमचा झेड. नानाजी म्हणाले, "जाय दिगंबरशेठकडे. वीस-बावीस वरचे कॉमे घेऊन ये."

मी काडेपेटीचा मोठा डबा घेऊन रस्ता ओलांडला. तो शनिवार होता. पेपर मंगळवारी.

दिगंबरशेठ गल्ल्यावर, तायडे मास्तर बाकावर वर्तमानपत्र पसरून.

"शेठजी, बावीस वरचे कॉमे पाहिजेत. बारा पॉइंट मापाचे."

"बावीस?" शेठजी म्हणाले. "लोणचं घालते का नाना?"

मास्तरांनी वर्तमानपत्र खाली केलं. "काय छापून राह्यले हो एवढं?"

मला खोटं बोलायची सवय नव्हती, त्यामुळे जे बोलले ते वाईट बोलले.

"लग्नपत्रिका."

"इंग्रजीत?"

"हाव. पोरगा इंजिनेर हाय."

"वा," मास्तर म्हणाले आणि वर्तमानपत्राची घडी घातली. पूर्ण न वाचता त्यांनी वर्तमानपत्र ठेवलं, हे मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. मला तिथंच समजायला हवं होतं. मी कॉमे मोजून घेतले आणि माझा डबा घेऊन परत आले.

पेपर जुळवला, छापला, गठ्ठे शाळेत गेले. मंगळवारी परीक्षा झाली.

पुढच्या आठवड्यात हेडसर आणि मॅडम छापखान्यात आले. हेडसर म्हणजे शाळेचे मुख्याध्यापक. जाडा चष्मा, आवाज खालचा. ओरडणारा माणूस परवडतो, हा माणूस परवडत नाही. त्यांनी उत्तरपत्रिकांचा गठ्ठा टेबलावर ठेवला.

"नानाजी, पेपर फुटला."

नानाजींचा चेहरा पडला. मी स्टुलावरून उठलेच नाही. म्हटलं, जाणारच आहे तर शेवटपर्यंत बसून घेऊ.

मॅडम सांगू लागल्या. वर्षभर ज्यांना स्वतःच्या नावाचं स्पेलिंग आलं नाही, अशा अकरा पोरांना गप्पांच्या प्रश्नात पैकीच्या पैकी मार्क. बाकी पेपर कोरा. एकानं तर पेपरात जे दिसेल ते मोकळं करत सुटून वरच्या सूचनासुद्धा मोकळ्या करून लिहिल्या होत्या. आणि अकराही पोरं तायडे मास्तरांच्या शिकवणीची.

"पेपर जुळवला कोणी?" हेडसरांनी विचारलं.

"मी."

"वाचून दाखवा." त्यांनी प्रश्नपत्रिका माझ्यासमोर धरली.

"डी," मी म्हटलं. "ओ. एन. वरचा कॉमा. टी."

"शब्द सांगा. अक्षरं नको."

"शब्द मले नाही येत."

नानाजी हातभर खूश झाले. "पाहा सर! अक्षरशत्रू हाय इंग्रजीची. म्हणूनच ठेवली हाय तिले."

हेडसरांना तेवढ्यावर पटलं नाही. त्यांनी कागदावर डू नॉट लिहिलं आणि म्हणाले, "याचं जे आखडलेलं असतं, ते तुमच्या खिळ्यांत करून दाखवा."

आता हात काही विचारून चालत नाहीत. मी स्टिक उचलली आणि पाच खिळे लावले. त्यांनी कॅनॉट लिहिलं. लावलं. शॅल नॉट लिहिलं. तेही लावलं, वर म्हटलं, "इथं दोन कॉमे कमी पडतात, पण मास्तर म्हणत एकच असते." विल नॉट झालं, आय वुड झालं. स्टिक भरली. मॅडमनी ती उचलून उलट्या अक्षरांकडे मान वाकडी करकरून पाहिलं.

"सर, सगळी बरोबर आहेत."

नानाजी खुर्चीवर बसले. हेडसर चष्म्यातून माझ्याकडे बघत राहिले. तुरुंगात जाणाऱ्या माणसाकडे बघतात तसं.

"याचा अर्थ काय?" त्यांनी डोन्टवर बोट ठेवून विचारलं.

"मले काय माहीत? तुमच्या शाळेत शिकवतात म्हणे. तिथल्याच पोरांले नाही येत तं मले कसं येईन?"

मॅडमना हसू आलं, ते त्यांनी रुमालात घातलं. मी सांगितलं, हे हाताला येतं कारण मास्तरांची पुस्तिका मीच जुळवली होती. हेडसर म्हणाले, "म्हणजे तुमचं आणि तायडे मास्तरांचं बोलणं आहे."

"बोलणं कसलं? शनिवारी दिगंबरशेठकडे कॉमे आणाले गेली तेव्हा बाकावर बसेल होते, तेवढंच."

"कसले कॉमे?"

"वरचे. बावीस."

हेडसरांनी प्रश्नपत्रिका जवळ ओढली आणि पेन्सिलीच्या टोकानं गप्पांच्या पानावरचे कॉमे मोजायला लागले. अर्ध्यावर आले आणि थांबले. माझंही तेव्हाच डोक्यात लख्ख झालं. मी पेपर वाचला नव्हता, कुणाला सांगितला नव्हता, आणि तरी काडेपेटीच्या डब्यातून मीच तो रस्त्यापलीकडे नेऊन दाखवला होता. परीक्षेच्या तोंडावर कोणत्या कागदाला बावीस जास्तीचे कॉमे लागतात, हे ज्यानं त्याच विषयाची पुस्तिका लिहिली त्याला कळणारच. रविवारी आणि सोमवारी मास्तरांनी पोरांकडून दुसरं काही करूनच घेतलं नव्हतं.

"कोणाच्या सांगण्यावरून गेलात?" हेडसर म्हणाले.

नानाजींनी छताकडे पाहिलं. "हीच गेली असन. मले काही..."

"मी काऊन जाऊ?" मी म्हटलं. "वरणात टाकाचे होते का मले कॉमे?"

नानाजींनी छतावरून नजर खाली आणली. मग म्हणाले, "मीच धाडलं, सर." माणूस वाईट नव्हता. त्याला खरं बोलायला एक धक्का लागायचा, एवढंच.

तायडे मास्तरांवर कोणी काही करू शकलं नाही. त्यांनी पेपर पाहिला नव्हता, डोकं चालवलं होतं. आठवीचा तेवढा प्रश्न शाळेनं पुन्हा घेतला. हेडसरांनी नानाजींना दोन अटी घातल्या. एक, शाळेच्या पेपरासाठी खिळा उसना आणायचा नाही. नानाजींनी नागपूरहून पुडाभर वरचे कॉमे मागवले. ते एवढे होते की दुकानदारांना आम्ही स्वतःहून टाकून द्यायला लागलो.

दुसरी अट माझ्यासाठी होती. हेडसर म्हणाले, "आज यांच्या हाताला येतं. उद्या डोक्याला येईल. दर परीक्षेआधी यांना शाळेत पाठवा. मी वाचायला देईन. वाचता आलं, तर काम बंद."

म्हणजे बाकीच्यांनी पास व्हायला परीक्षा द्यायची, मी नापास व्हायला. वर्षातून दोनदा मी चापूनचोपून पातळ नेसून शाळेत जायचे, हेडसर पुस्तक उघडायचे, मी एका ओळीत चार अक्षरं सांगून गप्प बसायचे, आणि नापास होऊन पेपरांचं पाकीट घेऊन यायचे. शाळेत माझ्याइतका नियमित निकाल कोणाचा नव्हता. पोरं खिडकीतून बघायची. एकदा एकानं मला हळूच विचारलं, "मावशी, कितवीत आहा?" मी म्हटलं, "ज्या वर्गात तू हायेस त्याच्यातच. निकाल सारखा हाय आपला."

मॅडमनी मला एकदा सांगून पाहिलं, "पंचफुलाबाई, संध्याकाळी या. दोन महिन्यांत वाचायला शिकवते." मनापासून म्हणाल्या. मी नाही म्हटलं. त्यांना वाईट वाटलं, पण पगार माझा जाणार होता, त्यांचा नाही. आज सत्तरी उलटल्यावर औषधाच्या बाटलीवरचं वाचून घ्यायला शेजारणीकडे जावं लागतं, तेव्हा मला तो नकार आठवतो. चूक होती असं नाही म्हणणार. महाग होता.

या धंद्याचा शेवटही इथंच सांगून टाकते. कॉम्प्युटर आला, ऑफसेट आला, शिसं भंगारात गेलं. नानाजी वारले. संपलं. पण त्याच्या आधीचं एक सांगायचं राहिलं आहे, आणि ते मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

मॅडमनी शाळेत इंग्रजीचं वातावरण करायचं ठरवलं आणि जागोजाग कागद चिकटवले. मी परीक्षेला जायचे तेव्हा ते दिसायचे. नळाजवळ एक कागद. फुलझाडांजवळ एक. व्हरांड्यात एक. पान थुंकून लाल झालेल्या भिंतीवर एक. प्रत्येक कागदाची सुरुवात त्याच पाच खिळ्यांनी. डी, ओ, एन, वरचा कॉमा, टी. जिथं जिथं पोरं नको ते करतात तिथं तिथं तेच पाच. त्यासाठी शिकवणी लागत नाही. नळाजवळ काय, फुलांजवळ काय, माणूस दुसरं काय लिहिणार? नको. असं करू नको. कळलं, आणि कळल्या क्षणी मी आजूबाजूला पाहिलं, कोणी बघतंय का. मला एक इंग्रजी शब्द वाचता यायला लागला होता.

मी स्वतःला सांगितलं, एकच आहे. एकानं काय होतं. पण त्याच्या पाठीमागचे शब्दही ओळखीचे व्हायला लागले. मी शाळेत मान खाली घालून चालायला लागले. पोरांना वाटलं मला निकालाची लाज वाटते.

त्या वर्षी वार्षिक परीक्षेआधी शाळेला रंग देणं चाललं होतं. भिंती, दारं, बाकं, सगळं. रंगाच्या वासानं डोकं भणाणत होतं. मी हेडसरांच्या खोलीत गेले. ते मान खाली घालून लिहीत होते. समोर एक लाकडी खुर्ची, हिरवीगार. तिच्या पाठीला मॅडमच्या हातचा कागद. पहिले पाच खिळे तेच. पुढचा शब्द चार अक्षरांचाही नव्हता, तीनच अक्षरांचा. मला तो येत नव्हता, पण खुर्चीवर कागद लावून माणूस कशाला नको म्हणेल?

हेडसर वर न बघता म्हणाले, "बसा, पंचफुलाबाई."

खोलीत दुसरी खुर्ची नव्हती. उभी राहिले असते तर त्यांनी विचारलं असतं, का बसत नाही? आणि का नाही, हे मी कशावरून ओळखलं? पेन थांबलं होतं. ते चष्म्याच्या वरून माझ्याकडे बघत होते. ती खुर्ची त्यांनी मुद्दाम ठेवली की रंगाऱ्यानं, ते मला आजही माहीत नाही.

मी बसले. पूर्ण, पाठ टेकून.

गार लागलं. हेडसर उठून उभे राहिले. "अहो, अहो! कागद नाही दिसला?"

"दिसला ना. काय लिहिलं हाय त्याच्यावर?"

हेडसर खाली बसले. मग त्यांनी समोरचं पुस्तक मिटलं. "झाली तुमची परीक्षा," म्हणाले. "आज वाचायची गरज नाही." दारात मॅडम उभ्या होत्या. त्या मला हाताला धरून बाहेर घेऊन गेल्या, कारण खुर्ची सोडायला मला जोर लावावा लागला होता.

व्हरांड्यात मॅडमनी रंगाऱ्याकडून रॉकेलची बाटली आणि चिंधी आणली. मी पाठमोरी उभी आणि त्या खाली बसून माझं पातळ घासताहेत, असं ते चित्र होतं. हिरवा रंग पसरला, निघाला नाही.

"पंचफुलाबाई," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "बसायच्या आधी तुम्ही पदर उचलून पुढे घेतला. मी पाहिलं."

पदर नवीन होता, काठाचा. पातळ गेलं तरी तेवढा वाचावा म्हणून हातानं आपसूक उचलला होता. हात काही विचारून चालत नाहीत, हे मी वर लिहिलं आहे. खोलीतून हेडसरांची खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मी मागे वळले नाही.

"मॅडम," मी म्हटलं, "रॉकेल अजून असन तं द्या."

त्यांनी बाटली माझ्या हातात दिली. मग पर्समधून आठवीच्या पेपरचं लाखेनं बंद केलेलं पाकीट काढलं आणि तेही दिलं.